दोन स्ट्रिपा

लालबागला मेडिकलच्या काउंटरमागे माझी बावीस वर्षं गेली. ऑक्टोबरातल्या संकष्टीची संध्याकाळ होती. समोरच्या चाळीतल्या काकू बाम मागायला आल्या. पैसे देताना बोटं थरथरत होती आणि कपाळावर घाम. ऑक्टोबरात घाम कुणाला येत नाही? पण पंखा थेट त्यांच्या अंगावर होता.

"काकू, सकाळपासून काही खाल्लंय?"

"संकष्टी ना रे आज. चंद्र उगवला की जेवणार."

"आणि साखरेची गोळी?"

"ती घेतली की! औषध नाही चुकवत मी."

ग्लुकोमीटर लावला. ५२. सत्तरच्या खाली आकडा गेला की थांबायचं नसतं. तीन मोठे चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून पुढे केलं, तर म्हणाल्या, उपास मोडेल. म्हटलं, बाप्पाला मी सांगतो. पंधरा मिनिटांनी ७८.

उपासाने एवढी खाली? मन मानेना. औषधं दाखवा म्हटलं, तर त्यांनी धुतलेल्या दुधाच्या पिशवीतून दोन स्ट्रिपा काढल्या. नावं वेगळी, रंग वेगळे. चष्मा कपाळावरून खाली घेतला. बारीक अक्षरात दोन्हींवर तेच: ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५००. डॉक्टरांनी कंपनी बदलून दिली होती, काकूंना वाटलं गोळी वाढवली. आठवडाभर दोन्ही चालू. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी कोसळत नाही, ते यकृतातून सुटणारी साखर आवरतं. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. पोटात अन्न असो-नसो, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतंच.

आणि जुनी स्ट्रिप आठ दिवसांपूर्वी मीच दिली होती. कापून, अर्धी. नवीन चिठ्ठी आहे का, हे विचारलं नव्हतं.

या गोळीचा अंमल लांबतो, ग्लुकोजने चढलेली साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्यांच्यासाठी पोळी-भाजी मागवली, मुलाला बोलावलं, डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं. पहाटे तीनला साखर परत घसरली होती, ग्लुकोजचं सलाइन लावावं लागलं.

चौथ्या दिवशी काकू काउंटरवर हजर. हातात ती कापलेली स्ट्रिप.

"एक उरलीय. परत घेतोस का?"

कापलेली स्ट्रिप आम्ही परत घेत नाही. घेतली.