तुरुंगात असलेला माणूस अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून कसा आला?

तुम्ही विचारलंत म्हणून मॅथ्यू लायनबद्दल लिहितो. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्यावर टीका केली म्हणून शिक्षा भोगत असतानाच व्हरमाँट राज्याचा हा प्रतिनिधी पुन्हा निवडून आला. हे कायद्यात बसलं कसं, असं बरेच जण विचारतात.

आधी खटला. जॉन ॲडम्सना थाटामाटाची आणि खुशामतीची हाव आहे, अशा आशयाचं पत्र लायनने 20 जून 1798 रोजी लिहिलं. सरकारवरची अशी टीका गुन्हा ठरवणारा राजद्रोहाचा कायदा झाला 14 जुलैला आणि पत्र छापून आलं 31 जुलैला. लिहिताना गुन्हा नव्हता, पण छापून येईपर्यंत झाला होता. शिवाय दुसऱ्या कुणाचं ॲडम्सविरोधी पत्र छापल्याचाही आरोप होता. या कायद्यात मजकूर खरा असल्याचा बचाव करायला मुभा होती. ऐकायला उदार वाटतं, पण एखाद्याला थाटाची हाव आहे हे सिद्ध कसं करणार? लायनने न्यायाधीश विल्यम पॅटरसन यांनाच विचारलं, तुम्ही ॲडम्सकडे जेवलात तेव्हा डामडौल दिसला ना? त्यांनी साधेपणाच दिसल्याचं सांगितलं. कायदा घटनाबाह्य आहे हा मुद्दा तर न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे टिकूच दिला नाही. शिक्षा झाली चार महिने कैद आणि 1,000 डॉलर दंड.

आता निवडणूक. सप्टेंबरच्या मतदानात लायन पुढे होता, पण निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नव्हती आणि व्हरमाँटला तेवढी लागत. म्हणून डिसेंबरात फेरमतदान झालं. तेव्हा तो व्हर्जेन्सच्या तुरुंगात होता आणि तिथूनच जिंकला. प्रतिनिधी होण्यासाठी राज्यघटनेच्या अटी तीनच: वय 25, सात वर्षांचं नागरिकत्व आणि त्या राज्यात वास्तव्य. शिक्षेचा उल्लेखच नाही.

विरोधकांपुढे उरला हकालपट्टीचा मार्ग, पण त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. 1798 मध्ये लायन दुसऱ्या एका प्रतिनिधीवर, रॉजर ग्रिस्वोल्डवर, सभागृहातच थुंकला होता, तेव्हाही ठराव 52 विरुद्ध 44 असा अडला. (दोन आठवड्यांनी ग्रिस्वोल्डने त्याला काठीने बडवलं आणि लायनने शेकोटीचा चिमटा उचलला. शिस्तीच्या गप्पा त्या सभागृहाने मारू नयेत.) सुटकेनंतरचा ठराव तर 49 विरुद्ध 45 वर थांबला.

हे जमलं नाही, ते फेडरलिस्टांना, म्हणजे ॲडम्सच्या पक्षाला, महागात पडलं. 1801 मध्ये थॉमस जेफर्सन आणि ॲरन बर यांना समान मतं पडल्याने राष्ट्राध्यक्षाची निवड प्रतिनिधीगृहाकडे, म्हणजे लायनच्याच सभागृहाकडे, आली. प्रत्येक राज्याला एक मत, आणि व्हरमाँटचे दोन प्रतिनिधी विरुद्ध बाजूंना, त्यामुळे राज्याचं मत कोरंच जाई. 36व्या फेरीत फेडरलिस्ट लुइस मॉरिस बाजूला राहिला आणि एकट्या लायनच्या मताने व्हरमाँट जेफर्सनकडे गेलं.

पुढे तो केंटकीतूनही निवडून आला. 1822 मध्ये आर्कान्सात वारला. दंड आणि खटल्याचा खर्च मिळून 1,060 डॉलर 96 सेंट काँग्रेसने व्याजासह वारसांना परत केले, तेही 1840 मध्ये.