उन्हाआधी कर्नाळा: एकटीने केलेली शरदातली चढाई

दसरा उलटला की नवी मुंबईत दुपारी बाहेर पडणे नकोसे होते, पण सकाळची हवा मात्र पावसाने धुतलेली असते आणि दूरचे डोंगर स्पष्ट दिसू लागतात. अर्धा दिवस डोंगरावर एकटीने काढायचा तर मला हाच काळ आवडतो. फक्त सगळी आखणी उन्हाच्या हिशेबाने करावी लागते. कर्नाळ्याची निवड मी त्याच हिशेबाने केली. गडाची उंची सुमारे साडेचारशे मीटर, वाटेचा मोठा भाग पक्षी अभयारण्याच्या झाडीतून जाणारा आणि उघडा कातळ शेवटच्या टप्प्यात. त्या कातळावर सकाळीच पोहोचायचे आणि तो तापण्याच्या आत उतरायला लागायचे, एवढे जमवायचे होते.

निघण्याची, माथा गाठण्याची आणि फाटकाशी परत येण्याची वेळ मी कागदावर लिहून आईकडे दिली. सोबत भरपूर पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा घेतला. अत्तर किंवा सुवासिक तेल लावले नाही, कारण कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोठी पोळी असतात आणि तीव्र वास, धूर किंवा गोंगाट यांनी त्या चवताळू शकतात.

पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी पळस्पे फाटा ओलांडते आणि मग शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ मध्ये याच गावात झाला आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. ज्या गडावर जायचे त्याच्याशी बांधलेले हे घराणे वाटेवरच भेटते, याचे मला फार अप्रूप आहे.

अभयारण्याच्या फाटकावर प्रवेशशुल्क भरले आणि प्लास्टिकच्या बाटल्यांची नोंद करून अनामत ठेवली. “ताई, एकट्याच आहात ना? मग मळलेली वाट सोडू नका आणि ऊन चढायच्या आत खाली या,” असे तिथल्या वनरक्षकांनी आपुलकीने सांगितले. हा सल्ला मी अक्षरशः पाळला.

झाडीतली चढण सलग आहे, पण सावलीमुळे सोसवते. पावसाळ्यात इथे वीण करणारा तिबोटी खंड्या या दिवसांत निघून गेलेला असतो. त्याची उणीव भृंगराजाने भरून काढली. शेपटीच्या दोन लांब तारांसह तो झाडांमधून सूर मारत होता आणि निरनिराळ्या पक्ष्यांच्या नकला करत होता. बोलणारे कोणी बरोबर नसल्यामुळे पाचोळ्यातली सळसळसुद्धा ऐकू येते, आणि थांबावेसे वाटले तर कोणाची परवानगी लागत नाही. एकटीने चालण्याचे हे सुख मी मनापासून मानते.

झाडी संपून डोंगराच्या धारेवर आले, तेव्हा चढणीचा स्वभावच बदलला. पावसाने उघडे पडलेले दगड आणि त्यांवरचा वाळलेला घसारा यांमुळे पाऊल सपाट आणि पूर्ण टेकवूनच टाकावे लागते. वाळू लागलेल्या गवतावर बूट ओल्या शेवाळाइतकाच सरकतो. कर्णाई देवीच्या मंदिरापाशी थांबून पाणी प्यायले आणि मगच पायऱ्यांनी दरवाजाकडे गेले.

माथ्यावर झाडाची सावली जवळजवळ नाही. सावली आहे ती सुळक्याची, आणि सुळका तर मधमाश्यांचा. त्याच्या पायथ्याशी खोदलेली पाण्याची टाकी लांबूनच पाहिली. मात्र नऊच्या सुमारास सूर्य अजून तिरपा असतो, त्यामुळे सुळक्याची सावली वायव्येकडे बरीच लांब पडते आणि पोळ्यांखाली न जाताही तिच्यात बसता येते. लवकर येण्याचा खरा लाभ हाच. कड्याच्या काठापासून चांगले अंतर ठेवून मी एका रुंद कातळावर बसले. एका बाजूला प्रबळगड आणि माथेरानचे पठार, तर दुसऱ्या बाजूला खाडी आणि पुसट होत गेलेले मुंबई बंदर. कोकणची किनारपट्टी आणि बोरघाट यांमधल्या वाहतुकीवर नजर ठेवायला हाच गड का, हे तिथून पाहताच कळते. शिवाजी महाराजांनी तो १६७० मध्ये घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला.

सावली आखडून पोळ्यांच्या दिशेने सरकू लागली, तशी मी उठले. उतारावर घसाऱ्याच्या जागी वेळ वाचवायचा नाही, असे ठरवलेच होते. तिथे बाजूच्या दगडांचा हाताने आधार घेत सावकाश उतरले. झाडीत शिरल्यावर काही कॉलेजची मुले वर येताना भेटली. ऊन रणरणू लागले होते आणि सगळ्यांत मिळून त्यांच्याकडे एकच बाटली होती. पुढे सावली कुठे संपते आणि सुळक्याजवळ आवाज का करायचा नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी देवीच्या मंदिरापर्यंतच जाऊन परतायचे ठरवले. माझ्याकडचे उरलेले पाणी त्यांच्या बाटलीत ओतले आणि फाटकाशी येऊन, रिकाम्या बाटल्या दाखवून अनामत परत घेतली.