तुम्ही विचारलंत म्हणून: हार्ड डिस्क घरीच का बदलता?

लॅपटॉपचं मागचं झाकण काढून बसलो की प्रश्न येतोच: "दुरुस्तीला दिला असता तर तासाभरात झालं असतं, घरी कशाला उघडता?" पैसे वाचवायला, हौस म्हणून, ही उत्तरंही तुम्हीच देऊन टाकता. दोन्ही खरी नाहीत.

बहिणीचा लॅपटॉप फार संथ झाला म्हणून तिने एका ठिकाणी दुरुस्तीला दिला. परत आला तो नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि कोरं विंडोज घेऊन. तिने आधी प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखतींचं फोल्डर शोधलं. नव्हतं. जुनी डिस्क मागितली तर उत्तर आलं, "खराब होती, टाकून दिली." खराब म्हणजे काय? फिरतच नव्हती, की काही सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, वाचले जात नव्हते? सेक्टरच गेले असतील तर बाकीचं बरंचसं उतरवून घेता आलं असतं. समोरच्या माणसाला आमचा प्रश्नच कळेना. लॅपटॉप संथ होता, आता वेगात चालतोय, त्याचं काम झालं होतं. मुलाखती दिलेल्या म्हाताऱ्या बायकांपैकी काही तोवर वारल्या होत्या. बॅकअप का नव्हता, हे कृपा करून विचारू नका; तिला ते सगळ्यांनी विचारून झालंय. ती डिस्क पुढे कोणाच्या हाती लागली, तेही कधी कळलं नाही.

म्हणून घरी. इथे काय आधी करायचं ते मी ठरवतो. आधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघायचे. न वाचता येणारे सेक्टर वाढत असतील तर साध्या कॉपी-पेस्टऐवजी डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा उतरवणारं सॉफ्टवेअर लावायचं; ते सहज वाचता येणारा भाग आधी उतरवतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेलं कुलूप, असेल तर ते उघडणारी 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यायची. 7 मिमी जाडीची डिस्क लागते की 9.5, एम.2 (छोट्या पट्टीसारखी एसएसडी) असेल तर तिची जोडणी साटा पद्धतीची की एनव्हीएमई, हे नवी घेण्याआधी बघायचं. स्क्रूड्रायव्हर त्यानंतर, आणि झाकण निघालं की पहिली बॅटरीची जोडणी सोडवायची.

पूर्वी मीच सांगत सुटायचो, "चार स्क्रू तर काढायचे, कुणालाही जमेल." स्क्रूंबद्दल ते आजही खरं आहे. पण काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, आणि फुगलेल्या बॅटरीशी घरी खेळू नये. डिस्क टकटक करत असेल तर मीही ती बंद करतो आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे देतो, कारण चालू ठेवली तर डेटा वाचणारं हेड प्लॅटर, म्हणजे डेटा असलेली चकती, खरवडू शकतं. म्हणजे शेवटी दुसऱ्याकडेच ना? हो, कधी कधी. डिस्क परत मिळेल, हे मात्र आधी लिहून घेतो.

बहिणीची डिस्क माझ्या हाती असती तर मुलाखती वाचल्या असत्या का? सांगता येत नाही. उतरवता उतरवताही ती बंद पडली असती. बहीण अजूनही लॅपटॉप बाहेरच दुरुस्तीला देते. साधा कीबोर्ड बदलायचा असला तरी आधी डिस्क माझ्याकडून काढून घेते.