तुम्ही विचारलंत म्हणून: धूर त्यांचा, मग कमी आपण का करायचा?

"सर, धूर अमेरिकेनं केला आणि कमी आपण करायचा होय?" हवामान बदलाचा विषय निघाला की हा प्रश्न मला महिन्यातनं दोनदा तरी येतोच, भूगोल शिकवतो म्हणून असेल. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाखाली पुरात कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हापासून तर जास्तच.

मला यावर आमची सामाईक विहीरच आठवते. चार भाऊबंद, एक मोटर. थोरल्या चुलत्यांनी वीस वर्षं ऊस काढला, बंगला बांधला आणि पाणी तळाला गेल्यावर सगळ्यांना बोलवून म्हणले, आता प्रत्येकानं निम्मीच मोटर चालवायची. वडील म्हणले, दादा, आमची तर पाळीच अजून नीट आली नाही! १९९२ च्या रिओतल्या हवामान करारात जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही असं मान्य केलंय ते हेच. कोळसा-तेल जाळून आजवर जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्के, आणि आज माणशी बघाल तर त्यांचा वर्षाला १४ टनांच्या आसपास, आपला २. (चीनचं विचारू नका, माणशी युरोपच्या वर गेलाय तरी हवामानाच्या बैठकीत धाकटा, म्हणजे विकसनशील, म्हणूनच बसतो.)

पैशाचं तर बोलूच नका. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देश म्हणले, २०२० पासून गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, आकडा गाठला २०२२ ला आणि त्यातलं बरंचसं कर्ज. मदत म्हणायचं आणि व्याज लावायचं.

इथपर्यंत सगळे माना डोलवतात. पण ते २ टन म्हणजे सरासरी हो, त्यात माझा एसी, माझी गाडी पण आली आणि जतला टँकरची वाट बघणारी बाई पण आली, तिचा आकडा छोटा म्हणून माझा झाकला जातो. कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या, शेतकऱ्याचं नाव सांगून पाणी मागायचं आणि उचलायचं मात्र वरच्यांनी, हे आपल्याकडं काय नवीन नाही. एवढं बोललं की समोरचा चहाचे पैसे द्यायला उठतो.

विहिरीचं म्हणाल तर मागच्या वीस वर्षांचं चुलत्यांनी काही दिलं नाही, नवी मोटर मात्र त्यांच्या पैशातनं बसली, बिल तासावर ठरलं. आणि आमची पाळी आली की आम्हीही तासभर जादाच चालवायचो, पाटाच्या शेवटाला पट्टी असलेल्या काकूंच्या वाटणीतला.