गन नंतर घ्या, आधी गोट्या बघा

नवीन गॅरेज टाकणारी पोरं हल्ली पहिल्यांदा इम्पॅक्ट गनचाच (ठोके देत नट फिरवणारी मशीन) भाव विचारतात, आणि गोट्यांचं, म्हणजे नटावर बसणाऱ्या सॉकेटचं, नाव काढलं की म्हणतात त्या काय, येतीलच सेटमध्ये. उलटं आहे हो सगळं.

रत्नागिरी-मालवणकडची एखादी जुनी गाडी लिफ्टवर घेऊन बघा, खाऱ्या हवेने सस्पेन्शनचे बोल्ट असे खाल्लेले असतात की नटाला धड कोपरेच उरत नाहीत, तिथे बारा कोनी गोटी लावली की ती कोपऱ्यांवरच जोर देते आणि होते नव्हते तेवढे पण गोल करून ठेवते. सहा कोनी गोटी सपाट बाजूला धरते. म्हणून 10, 12, 13, 14, 17, 19, 21 मिमी ही मापं सहा कोनीच घ्या. पाने टपारियाचे डोळे झाकून घ्या, आपल्या नाशिकचीच कंपनी, आणि जाम झालेल्या नटाला उघड्या तोंडाचा फिक्स पाना लावूच नका, नटाला सगळीकडून धरणारा रिंग पाना लावा.

हातरॅचेटची चकचकीत क्रोमवाली गोटी गनला चढवायची नाही!! ती कडक असते, ठोके खाऊन तडकते आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. गनला काळ्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्याच.

आता गन. बॉक्सवरचा टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या जोराचा, मोठा आकडा बहुतेक वेळा नट सोडवतानाचा असतो, त्याला भुलू नका. हवेवरची गन स्वस्त आणि हलकी, पण तिला 90 पीएसआयच्या आसपास दाब सतत लागतो, पंक्चरवाल्याचा छोटा कॉम्प्रेसर दोन चाकांत दमतो. मग 18 व्होल्टची ब्रशलेस मोटरची बॅटरीवाली बरी, त्याच बॅटरीवर ग्राइंडर पण चालतो.

आणि गन सोडवायला, आवळायला नाही. छोट्या गाडीच्या चाकाच्या नटाला साधारण 100 न्यूटन मीटर टॉर्क लागतो (मॅन्युअल बघाच), गनवाला ढर्रर्र करून कितीही आवळतो, मग स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ताणतो, आणि रात्री घाटात पंक्चर झालं की गिऱ्हाईक डिकीतल्या पान्यावर उभं राहून नाचतं तरी नट हलत नाही. नट हाताने बसवा, समोरासमोरचे आवळा, शेवट टॉर्क रेंचने, म्हणजे लावलेल्या आकड्याएवढंच आवळायच्या पान्याने. काम झालं की तिची स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. शेजारचा उसनी मागायला आला तर सरळ नाही म्हणा, लोक तिनेच जाम नट सोडवतात.