अक्ष उलटे टाकले आणि चार दिवस गेले

डेटा साफ करणं, लिनिअर रिग्रेशनचं मॉडेल (व्हेरिएबल्सवरून एका व्हॅल्यूचा अंदाज देणारं समीकरण) बसवणं हे पटापट झालं. अडकले शेवटच्या प्लॉटवर. मोजलेल्या व्हॅल्यूज आणि मॉडेलचे अंदाज समोरासमोर टाकून बघायचे, एवढंच काम होतं.

मी मोजलेल्या व्हॅल्यूज एक्स अक्षावर टाकल्या, अंदाज वायवर, कारण बऱ्याच स्लाइड्समध्ये तसंच बघितलं होतं. ठिपक्यांमधून रेघ काढली तर स्लोप, म्हणजे रेघेचा चढ, 0.58; अंदाज बरोबर असतील तर तो 1 हवा असं वाटत होतं. मला सांगण्यात आलं की मॉडेल मोठ्या व्हॅल्यूज कमी दाखवतंय, लहान जास्त, सुधारा. मग काय, चार दिवस हे व्हेरिएबल घाल, ते काढ, स्क्वेअर टर्म टाक, आणि स्लोप 0.61 च्या पुढे हलेचना. शेवटी वैतागून सगळे आकडे कागदावर मांडले तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी स्लोप आणि आर स्क्वेअर्ड (मोजलेल्या व्हॅल्यूजमधल्या चढउताराचा किती भाग मॉडेलला सापडला तो आकडा) अगदी सारखेच आहेत!

नेहमीच्या लिनिअर रिग्रेशनमध्ये इंटरसेप्ट (समीकरणातला स्थिर आकडा) असेल तर हे होणारच. मोजलेल्या व्हॅल्यूत मॉडेलला न सापडलेला भागही असतो, अंदाजात तो नसतो, म्हणून अंदाजांचा पसारा कमी. अक्ष उलटे केले की त्याच डेटावर स्लोप बरोब्बर 1, इंटरसेप्ट 0. म्हणजे जो दोष मी चार दिवस दुरुस्त करत होते तो मॉडेलमध्ये नव्हताच. पिन्येरो आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच इकॉलॉजिकल मॉडेलिंग जर्नलमध्ये लिहून ठेवलंय की मोजलेलं वायवर, अंदाज एक्सवर. हे शिकवताना कोणी का सांगत नाही याचा मला अजून राग येतो.

पण तो 1 बघून खूश होऊ नका, ज्या डेटावर मॉडेल बसवलं त्यावर तो येणारच. मी 20 टक्के डेटा बाजूला ठेवला होता, त्यावर स्लोप 0.93 आला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

हां, आधी सांगायचं राहिलं, आर (R) या सॉफ्टवेअरमध्ये प्लॉट काढताना लांबी जुळत नाही असा एरर आला तर रिकाम्या व्हॅल्यूजच्या ओळी मॉडेलने गाळलेल्या असतात, मॉडेल बसवताना एनए डॉट एक्सक्लूड (na.exclude) वापरा. दोन्ही अक्षांचं स्केल सारखं ठेवा आणि 45 अंशांची रेघ (जिथे अंदाज आणि मोजलेली व्हॅल्यू सारखीच असते) आधी काढा, फिट केलेली नंतर. माझ्या प्लॉटमध्ये उजव्या टोकाचे ठिपके 45 अंशांच्या रेघेखाली वाकताना दिसले, सरळ रेघेने न पकडलेला वाक तिथे आहे, आता त्यावर काम चालू आहे.