कार्डात न बसलेली सात सेकंदं

त्या सिस्टर सात सेकंदं गप्प राहिल्या आणि आम्ही ती चूक म्हणून नोंदवली. रेकॉर्डिंगचा तेवढाच तुकडा मी अजून परत परत लावून बघते.

चिडलेल्या नातेवाइकाशी कसं बोलावं, याचा सराव आम्ही नर्सना खोट्या प्रसंगातून देतो. हा प्रसंग नेहमीचा. तातडीच्या विभागातली खाट, खाटेवर म्हातारीच्या जागी मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, मॉनिटरवर ऑक्सिजन 93 टक्के, आणि चार तास ताटकळलेला तिचा मुलगा. मॅनिकिनची छाती वरखाली होते, नाडी लागते, पण या सत्राचा पेशंट खरं तर तो मुलगाच. ती भूमिका मुरलेले नट करतात. प्रसंग दहा मिनिटांचा, मागाहून निदान पंचवीस मिनिटं डीब्रीफिंग, म्हणजे काय घडलं यावर सगळ्यांची चर्चा.

रागाचा अभिनय केला की झालं, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात आधी अर्धा तास खोली आवरण्यात जातो. सुटा सलाइन स्टँड बाहेर, खिशातली कात्री बाहेर. स्टेथोस्कोप आणि ओळखपत्राची दोरी गळ्यातून काढायची, कारण झटापटीत हात आधी तिथेच जातो. दाराची वाट दोघांनाही मोकळी हवी. कोंडल्यासारखं वाटलं की माणूस आणखी चिडतो. प्रसंग तोडायचा शब्दही आधी ठरतो. ‘थांबा’ चालत नाही, तो संवादातच दर मिनिटाला येतो. आम्ही ‘लाल दिवा’ म्हणतो. हा शब्द कोणीही उच्चारला की सगळे जागच्या जागी थांबतात. नटाने कुणाच्याही अंगाला हात लावायचा नाही.

नटाच्या हातात रागाचं कार्ड असतं, पाच पायऱ्यांचं. पहिलीला येरझाऱ्या, दुसरीला आवाज चढतो, तिसरीला बोट रोखून एक पाऊल पुढे, चौथीला टेबलावर हात आपटणं, पाचवीला ट्रॉली ढकलणं. तिथे आम्ही प्रसंग थांबवतो. ‘शांत व्हा’ म्हटलं, नियम ऐकवला, पाठ फिरवली किंवा दोघं एकदम बोलायला लागले, की एक पायरी वर. नावाने हाक मारली, ताटकळल्याचं मान्य केलं, ‘दहा मिनिटांत मी स्वतः येऊन सांगते’ असं वेळेसकट ठोस काही सांगितलं, की एक पायरी खाली. आणि मीच लिहिलेली एक ओळ: पाच सेकंदांत उत्तर आलं नाही, तर वर.

दुसऱ्या मिनिटाला तो मुलगा ओरडला, “आईला काही झालं तर कोण जबाबदार?” सिस्टर दोन हात अंतरावर, किंचित तिरक्या उभ्या होत्या, तळवे उघडे, नजर त्याच्याकडे. त्या काहीच बोलल्या नाहीत. सहाव्या सेकंदाला त्याचे खांदे खाली आले. रेकॉर्डिंगमध्ये ते स्पष्ट दिसतं. सातव्याला त्याने टेबलावर हात आपटला. सिस्टर दचकल्या आणि भराभर बोलत सुटल्या.

मी काचेआड होते. नटाच्या कानातल्या यंत्रातून ‘इथेच राहा’ एवढं सांगता आलं असतं. माझं लक्ष तपासणी-यादीवर होतं.

डीब्रीफिंगमध्ये सहकाऱ्यांनी लगेच निकाल लावला: “गोंधळल्या.” हे फार वेळा होतं, बघणाऱ्याला शांतता दिसली की तो तिला घाबरणं समजतो. मी विचारलं, तेव्हा मनात काय चाललं होतं? त्या म्हणाल्या, “त्यांचं बोलणं संपलंय असं वाटलं नाही. अजून काहीतरी येणार होतं.” मग भूमिकेतून बाहेर आलेले नट म्हणाले, “खरं सांगू? माझा राग उतरला होता. पण कार्ड चढवायला सांगत होतं.”

भूमिका करणारा पेशंट ही पद्धत जुनी. 1963 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांनी न्यूरॉलॉजी शिकवताना निरोगी व्यक्तीला पेशंटची भूमिका करायला तयार केलं. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तोच पेशंट, तशाच तक्रारी घेऊन यावा, तरच तुलना न्याय्य, हा या पद्धतीचा मोठा फायदा. परीक्षेला हा सारखेपणा लागतोच. राग मात्र समोरच्याच्या चेहऱ्यावर, श्वासावर हलतो, आणि मी त्याला घड्याळ लावलं. चिडलेल्या पेशंटशी कसं बोलावं याची प्रोजेक्ट बीटाची, म्हणजे अमेरिकेतल्या तातडीच्या मनोविकार तज्ज्ञांच्या गटाची, 2012 ची दहा सूत्रं मी स्वतः शिकवते. दोन हात अंतर त्यातलंच, आणि नीट ऐकून घेणं हेही त्यातलंच. ऐकायला पाच सेकंद पुरत नाहीत.

मला खुपतं ते पुढचं. दुसरी फेरी लगेच होती आणि आम्ही तेच कार्ड वापरलं. सिस्टर या वेळी प्रत्येक फट शब्दांनी बुजवत गेल्या. नाव, दिलगिरी, वेळ, पुन्हा नाव. राग कार्डाप्रमाणे उतरला. गुण वाढले, अहवालात ‘सुधारणा’ लिहिली गेली, आणि वरच्यांना तेवढंच हवं असतं. नातेवाइकाला चार तास कोणी काही सांगितलंच नाही, ही मूळ गोष्ट कुठल्याच अहवालात येत नाही. नर्सला प्रशिक्षण दिलं की व्यवस्था सुटते.

आता ती ओळ बदलली आहे. गप्प राहून कागदात किंवा मॉनिटरमध्ये बघितलं, तर वर. समोर बघत गप्प राहिलं, तर नटाने तिथेच थांबायचं आणि स्वतःला काय वाटतं त्यावर ठरवायचं. नटांसाठी वेगळा रकानाही केला: ‘कार्ड काय म्हणालं’ आणि शेजारी ‘मला काय वाटलं’. गुण त्यामुळे थोडे कमी-जास्त होतात, परीक्षक कुरकुरतात. कुरकुरू देत.

त्या सिस्टर वॉर्डात परत गेल्या आहेत. त्यांना मी पुन्हा बोलावलंय, फक्त त्या एका मिनिटासाठी, नव्या कार्डावर. ड्युटीतून सोडायला त्यांच्या विभागाचा होकार अजून आलेला नाही.